विहिरीचं पाणी बॅटरीत घालू नये

मी, खाली सही करणारी, जिला सगळे मीटरबाई म्हणतात, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्यामागे काय कोणाचं ते लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते मी नीट ऐकलं आहे.

१. टेकडीवरचं घर व भोवतालची जमीन माझ्या नावावर आहे. माझे पती (यापुढे 'यजमान') हयात असेपर्यंत ती त्यांच्या वहिवाटीत राहील, नंतर मुलाला मिळेल. मुलाने पॅनेलांवर सावली पडेल असं झाड लावू नये. दर फोनवर तो मला तारेची वीज घ्यायला सांगतो. तार टेकडीखालीच संपते हे कितीदा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

२. छतावरची पॅनेलं, इन्व्हर्टर व बॅटऱ्या घराबरोबरच राहतील, सुट्या करून विकू नयेत. पॅनेलं उन्हं तापायच्या आत पुसावीत. पुसायची फडकी यजमानांनी जुन्या चादरींची शिवली आहेत. ते शिंपी, फडक्याचीही कड दुमडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ती फडकी कोणाला द्यायची नाहीत, माझ्याबरोबर जावीत.

३. ज्या दुकानदाराने रंग मारलेला जुना इन्व्हर्टर आमच्या गळ्यात मारला, तो सांत्वनाला आल्यास त्याला चहा देऊ नये.

४. मी भाचीकडे गेले असताना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला आणि यजमानांनी बॅटऱ्यांत विहिरीचं पाणी घातलं. "आपलं पाणी किती गोड आहे, तू पितेस तेच घातलं," असं मला कौतुकाने सांगितलं. त्यातल्या क्षारांनी बॅटऱ्या हळूहळू बसल्या. त्याच सुमारास त्यांना धाप लागू लागली, झोपताना लावायला ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि बॅटऱ्या रात्रभर पुरेनात म्हणून ते मध्येच बंद पडायला लागलं. मुलगा त्यांना शहरात घेऊन गेला. त्याचं बरोबरच होतं. पण यजमानांनी ते पाणी मनाला लावून घेतलं. येतो येतो म्हणतात, येत नाहीत. फोनवर मी मीटरचा आकडा सांगते, ते जेवले का ते सांगतात, मग फोन ठेवतो.

मला त्यांची फार आठवण येते. शिलाई मशीन थांबलेलं घर अजून अंगवळणी पडत नाही. हे वाक्य वकिलांनी खोडलं होतं, मी परत लिहिलं आहे.

५. तेव्हापासून जमेल तसं एकेक पॅनेल वाढवलं, बॅटऱ्या नव्या घेतल्या. गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तसलंच ऑक्सिजनचं मशीन मागून आणलं आणि उशाशी चालू ठेवून झोपले. सकाळी उठले तेव्हा ते चालूच होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

६. विहिरीच्या पाण्याचा राग मी कधीच सोडला आहे. तो कोणाच्याही वाट्याला येऊ नये. बॅटरीच्या खोलीची किल्ली व डिस्टिल्ड वॉटरचा भरलेला कॅन यजमानांचा. बाकीची कलमं मी गेल्यावर लागू होतील, हे आजपासून. अहो, या आता.

ठिकाण: टेकडीवरचं घर, पडवी
दिनांक: आज, पॅनेलं पुसून झाल्यावर
सही: मीटरबाई

साक्षीदार:
१. खालच्या दवाखान्याचे डॉक्टर
२. जीपवाला, ज्याच्या गाडीतून यजमान गेले. याची एक प्रत घेऊन तो उद्या शहराला निघेल. येताना पुढची सीट कोणाला द्यायची नाही, असं त्याला सांगितलं आहे.