गॅरेजचा कोबा

४ फेब्रुवारी

"साहेब कधी येतील बघायला?" — विचारलंच शेवटी! अर्धा तास मी फ्लोअरिंगच्या दुकानात मापं सांगतेय, नमुने वाकवून बघतेय, आणि दुकानदार माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतोय. म्हटलं, साहेब नाहीत. तर म्हणे, "मग संध्याकाळी या ना दोघं." दोघं! घटस्फोटाला दोन वर्षं झाली. आता ह्याच्या समाधानासाठी नवरा कुठून पैदा करू?

काही न घेता आले.

गॅरेज रिकामं आहे. गाडी त्याच्याबरोबर गेली, मागे उरला नुसता कोबा. भिंगरीसाठी तिथे खेळायची खोली करणार. टेबल-टेनिसचं टेबल, कॅरम, वरचा जुना सोफा. बास.

कारण आधी ती एक शनिवार सोडून बापाकडे जायची. आता दर शुक्रवारी तोंड वर करून विचारते, "आई, ह्या शनिवारीपण जाऊ?" का, तर तिकडे गेम रूम आहे! बारा वर्षांची पोर, तिला काय, जिथे खेळणं तिथे जीव. पण त्याने हे मुद्दाम केलंय. मला कळत नाही का?

७ फेब्रुवारी

दादा येऊन गेला. गॅरेजच्या मधोमध उभा राहिला, हात कमरेवर, जणू किल्लाच जिंकायचाय. "कार्पेट टाक. विषय संपला."

मी म्हटलं, दुसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला की कोब्याला ओल असेल तर कार्पेट कुजतं. आधी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, दोन दिवसांनी उचलून बघा.

"दुकानदार काहीही सांगतात. तू ना, उगाच डोक्याला ताप करून घेतेस."

माझं डोकं, माझा ताप! ह्याच्या बाथरूमची फरशी तीनदा उखडली, ते विसरला. प्लास्टिक चिकटवलंय.

९ फेब्रुवारी

प्लास्टिकखाली थेंबच थेंब! दादाला फोन केला. म्हणतो, "हवेतला दमटपणा असेल गं." हवा काय चिकटपट्टी फाडून आत शिरली?

कार्पेट बाद. लाकूडही बाद, फुगून वर येईल.

१२ फेब्रुवारी

भिंगरीला लाकडीच जमीन हवी. "बाबांकडे आहे तशी."

मी समजावलं — अगं, इथे खालून ओल येते. आणि टेबल-टेनिसमध्ये तू नुसती उड्या मारतेस, कडक जमिनीवर गुडघ्यांची वाट लागेल. मी दिवसभर एक्स-रे काढते, गुडघे बघूनच माझं पोट चालतं! रबराच्या लाद्या टाकू. ओल थांबवणारा थर खाली, वर रबर. पाय घसरायचा नाही, धपकन पडलीस तरी लागायचं नाही.

"तुला सगळ्याला नाहीच म्हणायचं असतं."

आणि दार आपटलं. माझ्या तोंडावर! त्या माणसाने आजवर तिच्या एका तापात रात्र काढली नाही, आणि नाही म्हणणारी मी.

१३ फेब्रुवारी

दार आपटायला कोणाकडून शिकली ते सांगायला नको. माझ्याकडून नाही. मी एवढ्या जोरात आपटत नाही.

१७ फेब्रुवारी

कहर झाला. सासूबाईंचा फोन! (माजी सासूबाई म्हणायला जीभ वळत नाही, बारा वर्षांची सवय.) एरवी भिंगरी घरी पोचली का एवढंच विचारून ठेवून देतात. आज म्हणाल्या, "खोली करतेयस म्हणे. भिंगरी सांगत होती. उजेड येतो का गं तिथे?"

मी म्हटलं, येतो, मागच्या बाजूला खिडकी आहे.

"बरं बरं. छान." मग, "ठेवते हं."

म्हणजे आता तिकडे माझ्या गॅरेजची चर्चा चालते! सगळं मोडलं त्या दिवशी ह्याच बाई खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्या बाजूने एक शब्द? एक? आणि आता उजेडाची चौकशी. विचारा म्हणावं आपल्या लेकाला, त्याच्या डोक्यात येतो का!

२२ फेब्रुवारी

मिस्त्रीने थर दिला. घरभर वास. काल लाद्या आल्या, करड्या रंगाच्या, एकीचे दाते दुसरीत अडकतात. मिस्त्री म्हणाला, कडेच्या कापून मी उद्या बसवतो. उद्या कोणाला धीर? कटर घेऊन मीच बसले. अंगठा कापला, कंबर मोडली, पण भिंतीपर्यंत एक फट नाही!

२८ फेब्रुवारी

तो आला भिंगरीला न्यायला. एरवी गाडीतून हॉर्न वाजवतो, आज चक्क आत. बुटासकट लादीवर! टाचेने दाबून बघितली. "रबर? जिमसारखं वाटतंय."

"बूट काढ."

"अगं, मी फक्त—"

"बूट काढ, नाहीतर बाहेर हो."

बाहेर झाला. जाताना भिंगरीला म्हणतो, "आपली लाकडी मस्त आहे की नाही?" ती खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसली. बापासमोर आईची बाजू घेणार कशी!

टेबल-टेनिसचं नवं टेबल अर्धं घडी करून उभं केलं आणि उभ्या फळीवर चेंडू मारत एकटीच खेळत बसले. दादा डोकावून गेला असता तर वेड लागलं म्हणाला असता.

५ मार्च

भिंगरी आज तासभर खेळली माझ्याशी. मला धुतलं! घामाघूम होऊन लादीवर आडवी पडली आणि म्हणाली, "आई, भारी झालीय खोली." माझं तर पोटच भरलं.

आणि मग, त्याच श्वासात, "तरी शनिवारी जाऊ ना मी?"

काय करू म्हणजे पुरेल हिला? अजून काय अंथरू?

९ मार्च

भिंगरी परत आली. मागे सासूबाई. हातात बॅग.

"आई, मी आणलं आजीला. तिकडे बाबा कधी घरी नसतात. ती मागच्या खोलीत एकटीच असते दिवसभर. मी गेले नाही तर तिच्याशी कोणी बोलत पण नाही." मग हळूच, "गेम रूमला तर कुलूप असतं. लाकडी जमिनीवर ओरखडे पडतात म्हणून."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तुला आजीचा राग आहे ना."

सासूबाई उंबऱ्याबाहेरच. "दोन दिवस राहू का गं? त्याला सांगून आलेय." मला विचारतात! परवानगी!

असा राग आला, असा राग आला! दोन वर्षं फोन करत होत्या, एकदा तोंड उघडलं असतं तर? बॅग हातातून ओढूनच आत घेतली मी.