चूक पलीकडच्या जोडीची

८ जानेवारी १९५७, मंगळवार

वर्ष सुरू होऊन आठवडा झाला. निश्चय आजपासून. रोज दहा तेलुगू शब्द पाठ. नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, आपला जिल्हा आंध्रात आला, कचेरीतलं उर्दू गेलं, आणि नवे साहेब इंग्रजीत लिहितात व तेलुगूत रागावतात. पेशकार म्हणजे साहेबांचा उजवा हात. हाताला भाषा यायला हवी. आजचा शब्द: तप्पु म्हणजे चूक. उरलेले नऊ उद्या.

दुसरा निश्चय मोठा. जैनथच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, थोरल्या भावाची, लक्ष्मणदादाची जोडी मी स्वतः हाकणार. आमच्या लेकीच्या, चारूच्या साक्षगंधाच्या पंगतीत तिचे होणारे सासरे यशवंतराव हसत म्हणाले, नरसिंगराव, तुमी कचेरीचे मानसं, तुमाले लेखणी हाकता येते. सगळे हसले. चारूसुद्धा. हे यशवंतराव पैनगंगेच्या पलीकडचे, म्हणजे आता मुंबई राज्यातले. पटात आपली जोडी स्वतः हाकतात. पंचांनी गमतीने दोन्ही सोयऱ्यांच्या जोड्या शेजारी शेजारी लावल्या आहेत. लग्न १७ फेब्रुवारीला. त्याआधी व्याह्यांनी माझ्या चाकांची धूळ खाल्लेली बरी.

१३ जानेवारी, रविवार

जैनथला दादाकडे सराव. म्हणजे मी छकडीवर बसलो, बैल उभे होते. बैठक उत्तम जमली. मागे टेकायला काही नाही, ही छकडीच्या डिझाइनमधली उणीव. दादाचा गडी महिपत म्हणाला, पायानं दांडी घट्ट धरा, बैल सुटले का मोठा झटका बसते. त्याला वाटतं मी बसमध्ये कधी बसलो नाही. दादा म्हणाला, नरसिंग, महिपतले हाकू दे, तू झेंडी धर. मी सांगितलं, ड्रायव्हिंग रक्तात असावं लागतं. वीस वर्षं सायकल चालवतो आहे.

बैल पळवून पाहणार होतो, पण ऊन चढलं. तेलुगू राहिलं.

१६ जानेवारी, बुधवार, संध्याकाळ

भयंकर ॲक्सिडेंट. चूक शंभर टक्के यशवंतरावांची.

आजच लिहून ठेवतो, उद्या लोक काहीबाही बोलतील. झेंडी पडली. माझी जोडी सुटली. स्पीड इतका की डोळ्यांपुढे नुसतं आभाळ दिसलं. अर्ध्या वाटेवर यशवंतरावांची जोडी डावीकडून माझ्या वाटेत घुसली. चाकात चाक अडकलं. त्यांची छकडी उलटली, त्यांचा खांदा निखळला, एका बैलाचं शिंग मोडलं. मी घटनास्थळी पोचलो तेव्हा बरीच माणसं जमली होती.

माझी टोपी सुरुवातीच्या दोरीजवळ सापडली. वारा उलटा असणार. पाठ सोलपटली आहे. टक्कर पुढून आणि मार मागून, सायन्समध्ये याला काहीतरी नाव असेलच.

दादा मला घ्यायला आला तेव्हा हसत होता असं वाटलं. पण तो खोकत होता.

१७ जानेवारी, गुरुवार

रजा. पालथा पडून विचार केला. आता सगळं स्वच्छ आठवतं. टकरीच्या क्षणी मी कासरा उजवीकडे खेचला. म्हणून माझे बैल वाचले. एवढं प्रसंगावधान लोकांना दिसत नाही, धुळीमुळे.

चारूने पाठीला हळद लावली. काही बोलली नाही. तिला सासऱ्यांच्या वागण्याची शरम वाटत असणार.

२० जानेवारी, रविवार

यशवंतराव आले. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात तिळगुळाचा डबा. म्हणाले, झालं ते झालं. अर्धी चूक माही, अर्धी तुमची. लेकरायच्या लग्नात काऊन इघ्न आणाचं?

इथेच माणूस सापडला. ज्याची चूक नाही तो अर्धी कशाला घेईल? मन खातं आहे. मी शांतपणे सांगितलं, पंचांसमोर पूर्ण चूक कबूल करा, मग लग्नाचं बोलू. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. यशवंतरावांनी डाव्या हाताने चहा घेतला, माझी पाठ कशी आहे विचारलं आणि उठले. चारू त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. दोघं दारात बराच वेळ हळू बोलत होते. तब्येतीचं असेल.

तिळगूळ चांगला होता, पण मी तत्त्व म्हणून एकच खाल्ला.

२४ जानेवारी, गुरुवार

चारूच्या आईने, सुभद्रेने पापड लाटणं थांबवलं आहे. म्हणते, लग्न आहे का नाही ते ठरवा, मग उडदाचं पीठ भिजवते. तिला ॲक्सिडेंट समजावा म्हणून रिकामा पोळपाट घेतला. दोन काडीपेट्या म्हणजे दोन छकड्या. ज्वारीचे दोन दाणे म्हणजे आम्ही दोघं हाकणारे, धुरकरी. पेट्या चालवून दाखवल्या. अर्ध्यावर पोचल्यावर चारूने माझा दाणा उचलून पार मागे, पोळपाटाच्या कडेला ठेवला. मी तो परत पेटीवर ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी भरायला गेली. मुलींना नकाशा वाचता येत नाही.

शिपायाला विचारून नवा शब्द घेतला: मीदि, म्हणजे तुमचं. तप्पु मीदि. दोन शब्दांत पूर्ण केस मांडता येते. काय भाषा आहे.

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन. नंतर कचेरीच्या व्हरांड्यात सर्वांना ॲक्सिडेंट सांगितला. आता सांगताना आणखी आठवतं. टकरीआधी यशवंतरावांच्या डोळ्यांत मला भीती स्पष्ट दिसली होती. साहेब जवळ आले आणि इंग्रजीत विचारलं, मामला काय आहे? संधी साधून मी तेलुगूत ठणकावलं, तप्पु मीदि. साहेब एकदम गंभीर झाले. आत निघून गेले. पॉइंट लागलेला दिसतो.

२९ जानेवारी, मंगळवार

मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलं आहे. जुन्या उर्दू मिसली, म्हणजे फायली, लावायच्या. शांत जागा. साहेबांनी माझी केसची तयारी ओळखली असावी.

घरी मात्र निरोप आला. यशवंतरावांच्या आई जयवंताबाई म्हणतात, लग्नाआधी पंच बसवते ते घर पुढं काय करन? येत्या रविवारी पंचांसमोर वाद मिटला नाही तर साक्षगंधाची साडी परत पाठवा. सुभद्रा माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, तुमी बरोबर असान, पण माही लेक घरी राहीन. इतकंच. चारू कोपऱ्यात तीच साडी घडी घालून परत उलगडत होती.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण न्यायाचा प्रश्न आहे. रविवारी यशवंतराव कबूल झाले की मी तिथल्या तिथे त्यांना माफ करणार. असा मनाचा मोठेपणा पाहून सर्वांच्या डोळ्यांत पाणी येईल. माफीचं भाषण तयार आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज एक साक्षीदार मिळाला, आणि केस खिशात आली. बाजारात पलीकडच्या गावचा एक जण म्हणाला, यशवंतराव तर पयता पयता मांगं पाहून राह्यले होते. धावत्या जोडीवर मागे पाहणं. याहून मोठा निष्काळजीपणा कोणता? उद्या हाच प्रश्न विचारणार. खिंडीत गाठणार.

जेवण गेलं नाही. उत्साहामुळे.

३ फेब्रुवारी, रविवार, जैनथ

पाराखाली दोन्हीकडची तीस-चाळीस माणसं. बायका बाजूला, त्यांत सुभद्रा आणि चारू. सरपंच म्हणून म्हातारे पांडुरंगराव. त्यांनी आधी विचारलं, आपसात मिटते का? यशवंतराव उभे राहिले आणि म्हणाले, चूक माहीच, लिहून घ्या.

इथे थांबायला हवं होतं. हे मी आता लिहितो आहे.

पण त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की लोकांना उपकार वाटला असता. कारणासकट सिद्ध व्हायला हवं होतं. मी उठलो. विचारलं, झेंडी पडल्यावर तुम्ही मागे वळून पाहिलं, खरं की खोटं? खरं, म्हणाले. मागे पाहिल्यामुळे जोडी माझ्या वाटेत गेली, खरं की खोटं? तेही खरं. मग पंचांना सांगा, मागे काय पाहत होता? ते म्हणाले, राहू द्या नरसिंगराव. मी म्हणालो, राहू देणार नाही. दादाने माझा सदरा मागून ओढला. चारू बायकांतून उठून उभी राहिली. मी पुन्हा विचारलं. मोठ्याने.

यशवंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले, तुमाले.

मग म्हणाले, झेंडी पडली अन् तुमी मांगच्या मांगं पडले. हालून नाई राह्यले. जिते हायत का नाई, ते पाह्यलं मी. पोरीचे बाप हायत तुमी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पांडुरंगरावांनी महिपतला विचारलं, हे खरं का? त्याने दादाकडे पाहून होकाराची मान हलवली. निकाल लगेच झाला. छकडीवर धुरकरी नसन तर ती जोडी पटात नाई, ते मोकाट ढोरं. नरसिंगरावची चूक नाई.

चूक नाही. अठरा दिवस हेच तर मागत होतो.

४ फेब्रुवारी, सोमवार

पाठ दुखते आहे. पंचांना निरोप धाडला की पुनर्विचार व्हावा, टकरीची पूर्ण चूक मी घ्यायला तयार आहे. कासरा मी चुकीच्या बाजूला खेचला असणं शक्य आहे. दादाकरवी उत्तर आलं, चूक करायले बी मानूस जाग्यावर लागते.

अर्धी तरी द्यावी, असं कळवावं का? यशवंतराव तर अर्धी देत होते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

साडी परत गेली नाही. जयवंताबाईंनी म्हणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, येवढा खुळा बाप हाय तर पोरगी लवकर आणा. पापड सुरू. घरभर उडदाचा वास.

चारू पाठीला हळद लावत होती. तोंड उशीत होतं म्हणून विचारता आलं. तुला ठाऊक होतं? हो म्हणाली. ती सुरुवातीच्या दोरीपाशीच उभी होती. टोपी तिनेच उचलली होती. मग बोलली काऊन नाही? तर म्हणाली, तुमी रोज नवं नवं सांगत होते बाबा. तुमाले बरं वाटून राह्यलं होतं. मामंजींना बी मीच सांगितलं, बोलू नका म्हणून.

म्हणजे दारात तब्येतीचंच बोलणं होतं. माझ्या.

उशी ओली झाली. हळदीची उष्णता असते.

१७ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. पंगतीत व्याह्यांना नमस्कार करताना मी म्हणालो, चूक माझी. टकरीची नाही, पुढची. ते म्हणाले, जेवा आता. डाव्या हाताने मला जिलेबी वाढली. उजवा अजून गळ्यात.

पाठवणी बैलगाडीतून, नदीपर्यंत मी सोबत. गाडीच्या मागच्या बाजूला आडवा दोर बांधलेला दिसला. कोणी बांधला, विचारलं नाही. बैल निघायच्या आधी चारू पदराआडून म्हणाली, बाबा, धरून बसा. दोन्ही हातांनी धरून बसलो. रडायला हात मोकळा नव्हता.

तेलुगू: नादि म्हणजे माझं. आजचा शब्द एकच.

पाण्याशी मी उतरलो. गाडी पैनगंगेत शिरली. चारू समोर पाहत होती, आणि पुढे बसलेले यशवंतराव मान वळवून मागे. मी उभा आहे असा हात केला, तेव्हा कुठे त्यांनी समोर पाहिलं.