दिव्याभोवतीचं खळं

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? जिना चढतेस की शेजारणीलाच वर बोलावून घेतेस? आम्ही सगळे बरे आहोत. निदान मागच्या महिन्यापर्यंत होतो. आता नक्की काय आहोत ते माझं मलाच कळत नाहीये, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा. मी ड्रायव्हर बनवते, गाडी चालवत नाही. (तू तिकडे सगळ्यांना सांगितलंस की भाची शिकूनसवरून गाडीवर लागली. त्यानंतर एका काकूंनी मला विमानतळावर सोडशील का म्हणून फोन केला होता.) रस्त्यावरच्या एलईडी दिव्याच्या पोटात एक डबी असते. ती तारेतली वीज दिव्याला सोसेल अशी करून देते. तिला ड्रायव्हर म्हणतात. आत येणारी वीज वाटेत डबी तापवण्यात वाया न जाता जास्तीत जास्त दिव्यापर्यंत पोचवायची, हे माझं काम. माझी नवी डबी इतकी कमी तापायची की साहेबांनी ती हातात धरून चालू आहे ना, असं विचारलं. मग चाचणीसाठी दिवे कुठे लावायचे हा प्रश्न आला आणि मी मोठ्या हौसेने आपली गल्ली सुचवली. कोपऱ्यावरच्या वळणावर बाबा अंधारात ठेचकाळतात, त्यांची सोय होईल असं वाटलं. तिथेच माझं चुकलं.

दिवे लागले त्या संध्याकाळी बाबा खांबाखाली उभे राहिले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खळं आहे." चंद्राला असतं तसं खळं दिव्याभोवती दिसतंय म्हणे, आत पिवळसर, बाहेर तांबूस. मला काही दिसेना. मी वाण्याला विचारलं. तो म्हणाला, सर म्हणतात म्हणजे असणारच. इस्त्रीवाल्यालाही दिसलं. समोरच्या वकिलीणबाईंना तर दोन दिसली. (बाबांनी या सगळ्यांना शाळेत चित्रकला शिकवली आहे आणि सगळ्यांच्या हातावर पट्टी मारली आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.)

आत्या, खळं हे करंटचं कामच नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण अख्ख्या गल्लीला दिसतंय आणि बनवणारीला दिसत नाही, म्हटल्यावर माणूस स्वतःच्या डोक्यावर संशय घेतो. मी करंट कमी केला, मग वाढवला. वरचं झाकण पुसलं, बदललं. डबी कारखान्यात नेऊन मीटरला लावली, तर मीटर म्हणे सगळं झकास. घरी आले की बाबा म्हणत, आज जरा मोठं झालंय. शेवटी त्यांनी रंग काढून खळ्याचं चित्रच काढून दिलं. ते इतकं सुरेख होतं की साहेबांनी ते बैठकीत भिंतीवर लावलं आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. चाचणी फसली तर हे काम दुसऱ्या कंपनीला जाणार होतं.

शेवटची खटपट म्हणून परवा संध्याकाळी मी डबी बदलायला खांबाचा दिवा बंद केला. बाबा शेजारी उभे होतेच.

"बघ, अजून आहे," ते म्हणाले.

"बाबा, दिवा बंद आहे."

"मग हे काय?" त्यांनी बोट दाखवलं.

"तो चंद्र आहे."

बाबांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "तरीच एवढा गोल आहे." घरी येताना त्यांनी माझा दंड धरला होता. असं ते कधी करत नाहीत. मला हसावं की काय करावं ते समजेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना सांगितलं की त्यांच्या यंत्रातल्या दिव्यालाही खळं आहे, दुरुस्त करून घ्या, माझी मुलगी करून देईल.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता.क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. बाबा ऑपरेशनला तयार नाहीत. दोष उजेडात आहे, डोळ्यांत नाही, असं म्हणतात. पण कालपासून रंगाची पेटी कपाटात वर ठेवून दिली आहे, ते मला बघवत नाही. ते फक्त तुला घाबरतात. तू ये. मी बोलावलं असं सांगू नकोस.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज साहेबांनी दिव्यावर मोबाइलचा कॅमेरा धरला, तर पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले. वीज वाचवण्याच्या नादात मी डबीतला एक भाग फारच लहान बसवला आहे, त्यामुळे उजेड थरथरतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण थरथरतो. म्हणजे दोष उजेडातही आहे. बाबांना हे कळलंय आणि ते गल्लीभर सांगत फिरताहेत. तेव्हा आलीस की ते तुला आधी खांबाखाली उभं करतील. तू गप्प राहा. पण तुलाही खळं दिसलं तर मला हळूच सांग, म्हणजे दोघांच्या ऑपरेशनची तारीख एकदमच घेता येईल.