पूजेत बसलेली नळी

तीर्थस्वरूप वेणुगोपाळ अण्णांस, कुंभकोणमहून धाकट्या सेतुरामाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे तूर्त उभ्यानेच, मनात मात्र पुरता आडवा झालो आहे.) तुमची शुगर कशी आहे? वहिनी सकाळचं चालणं करवून घेतात ना, की कोपऱ्यावरच्या इडलीपर्यंत जाऊनच परतता? इथे सर्व क्षेम. तुमची भावजय धनलक्ष्मी माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घर शांत आहे. फारच शांत आहे, आणि म्हणूनच लिहायला बसलो. पवित्राची कोइंबतूरची शर्यत कशी बुडाली ते तिने तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही तिला चेन्नईला बोलावून घेतलंत. पण अण्णा, तिने सांगितलं ते वेगळं आणि घडलं ते वेगळं.

कॉलेजसाठी म्हणून तुमची मुलगी माझ्या घरी राहायला आली. पहिलं वर्ष ती राहिली. पुढे तिची मोटरसायकल राहिली, ती नुसती जेवायला यायची. आणि ती रेसची गाडी! आपला मेकॅनिक सुंदर मागच्या अंगणात ती सुरू करायचा तेव्हा फडताळातली भांडी थरथरायची. एकादशीच्या भजनाला मी तोंड उघडावं आणि तिकडून गाडीने सुरुवात करावी. वर्षभर माझा आवाज विठ्ठलाला पोचलेलाच नाही. (धनलक्ष्मी म्हणते, देवाची सोय झाली.) मी ओरडलो, रुसलो, एक दिवस उपाशी राहिलो, म्हणजे घरी जेवलो नाही. काही उपयोग नाही! शेवटी माझ्या मदतीला रेसवालेच धावले. त्यांच्यातही आवाजाला मर्यादा असते, हे मला कुठे ठाऊक? शर्यतीआधी यंत्र लावून मोजतात म्हणे, आणि जास्त भरला तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. म्हणून पवित्राने सायलेन्सरच्या तोंडात बसणारी एक भोकाभोकांची नळी आणली, वीतभर लांब. ती बसवली आणि गाडी एकदम माणसात आली. त्या एकादशीला मी स्वतःचा आवाज ऐकला. (ऐकून थोडा विचारात पडलो, पण तो विषय निराळा.) त्या नळीचे उपकार मी विसरणारा नव्हतो, आणि तिथेच घात झाला.

या मोसमातली शेवटची शर्यत नेमकी दसऱ्याला. पहिल्या तिघींत आली तर पुढच्या वर्षी कंपनीची गाडी, कंपनीचा खर्च; आणि तुम्ही तर बजावलंच होतं, कंपनीने घेतलं तर पुढे, नाहीतर बस्स झालं. आदल्या दिवशी आयुधपूजा. सुंदरने नळी साफ करायला काढून वर्तमानपत्रावर ठेवली आणि तो नाश्त्याला गेला. मी पूजा मांडत होतो, दुकानातला तराजू, धनलक्ष्मीची कात्री, माझी पेटी, आणि नजर गेली त्या नळीकडे. समया विकून हयात गेलेला माणूस मी. काळवंडलेलं काही हाती आलं की चिंच लावल्यावाचून राहवत नाही. घासली, पुसली, चंदन-कुंकू लावलं आणि सगळ्या आयुधांच्या मधोमध, सरस्वतीच्या पुढ्यात बसवली. जिने घराला शांती दिली तिला मान नको? आता पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या पुनर्पूजेआधी हलवायची नाही, हे तुम्हाला काय सांगावं! (आपल्या वडिलांनी एकदा चष्माच पूजेत ठेवला होता आणि दिवसभर दारांना धडकत फिरले, आठवतं ना?) सुंदर परत आला, कागद रिकामा, त्याला वाटलं पवित्राने बसवली. पवित्रा आली, तिला वाटलं सुंदरने बसवली. गाडी नुसती सुरू केली असती तर आमच्या अख्ख्या मेलकावेरी पेठेत घरोघरी कळलं असतं. पण करू कोण देतो? पूजेच्या दिवशी वाहनालाही विश्रांती, हा हुकूम माझाच. सायलेन्सरच्या तोंडावर झेंडूचा हार मीच अडकवला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि सगळ्यांनी ढकलत ती टेम्पोत चढवली. इतक्या गुपचूप ती आमच्या अंगणातून कधी निघाली नव्हती. मी हात हलवत उभा होतो आणि मला फार समाधान वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी तपासणीला गाडी सुरू केली आणि शेजारच्या तंबूतल्या माणसाच्या हातातला चहा सांडला. यंत्राचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ वर! सुंदर तंबू-तंबू हिंडला, नळी द्या हो नळी. कुणाची जाड, कुणाची बारीक. मोजणारा अधिकारी भला होता, वाट बघितली त्याने, पण नियम तो नियम. पवित्राचा फोन आला तेव्हा मी पुनर्पूजेची घंटा वाजवत होतो. काका, नळी अंगणात राहिलीय का बघा, म्हणाली. अंगणात कशाला बघायचं? समोरच बसली होती, कुंकू लावून. खरं काय ते तिथल्या तिथे तिला सांगितलं, पूजा अर्धी टाकली, नळी घेतली आणि टॅक्सीत बसलो. पण कुंभकोणम कुठे आणि कोइंबतूर कुठे! पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. ती कुंपणापाशी हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. मी नळी पुढे केली. तिने ती उलटसुलट बघितली आणि म्हणाली, नवी होती तेव्हासुद्धा इतकी चकचकीत नव्हती. अण्णा, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाज, आवाज म्हणून त्या पोरीच्या मागे कटकट लावणारा मी, आणि आवाजापायी ती बाहेर बसली ती माझ्यामुळे. फार वाईट वाटतं हो. घास गिळवत नाही. (तीनच इडल्या खाल्ल्या आज.)

वहिनींना नमस्कार सांगा, शुगर सांभाळा, आणि रागवायचं झालं तर बसून रागवा, उभ्याने नको.

तुमचा धाकटा,
सेतुराम

ता. क. – नळी बसवायला मीच विसरले, असं पवित्राने तुम्हाला सांगितलं. आणि विसरभोळ्या मुलीने रेसच्या गाडीवर बसू नये, असं तुम्ही म्हणालात. वहिनींनी मला कळवलं. अण्णा, ती काहीएक विसरली नव्हती. परतताना टॅक्सीत तिने माझ्याकडून शपथ घेतली की अप्पांना खरं सांगायचं नाही. आमच्या हरिप्रियाच्या लग्नात पहिली कॉफी कुणाला दिली यावरून आपण दोघं सहा वर्षं बोललो नाही, ते आत्ता कुठे बोलू लागलो आहोत. माझ्या शर्यतीपायी पुन्हा तोंडं फिरवाल, म्हणाली. वीस वर्षांची पोर, आपल्या दोघांची अब्रू झाकायला निघाली.

आणखी ता. क. – तेव्हा शपथ मोडली. माझ्याशी बोलणं टाकायचं तर खुशाल टाका. सहा वर्षं काढली, आणखी काढीन. पण तिला अजून एक वर्ष द्या. गाडी टेम्पोने पाठव, विकून टाकू, असा तुमचा निरोप पोचला. गाडी मी पाठवणार नाही. न्यायला तिलाच पाठवा.