धूप म्हणजे ऊन

"वैनी, तुमी बसा, पीठ मी मळते." हे वाक्य आत्या रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, आई. ती मायेनं म्हणाली, तुझ्यापुढची परात हळूच ओढून घेत. तेव्हा तुझ्या दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग उतरले होते, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. तू हात पदरात घेतलेस आणि भिंतीला टेकून बसलीस. त्यानंतर लातूरच्या त्या घरात तू थापलेली भाकरी कुणाच्या ताटात पडली नाही. आज हे लिहायला बसले, कारण तू न पाहिलेल्या तुझ्या नातीच्या हनुवटीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला आहे. बाराव्या वर्षी तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, आणि त्यावर काय करावं हे मला ठरवता येत नाही.

जिल्हा तेव्हा नवा होता. बाबांना निलंग्याहून नव्या कचेरीत आणलं होतं. कचेरीवर पाट्या चढल्या होत्या, पण आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी नव्हतं. दुष्काळात टँकर येईल तेव्हा यायचा. गंजगोलाईच्या बाजारामागे एक म्हातारे हकीमसाहेब बसायचे. त्यांनी बावचीचं काळं बी कुटून तुला दिलं आणि म्हणाले, "लेप लगाव बाई, रोज थोडी धूप देव, फिर धो डालो." तू सांगलीकडची, दख्खनी तुला अर्धीच कळायची. तू मान डोलावलीस आणि येताना वाण्याकडून धूप घेतलास. मग रोज संध्याकाळी देवापुढे बसून लेप लावलेले हात धुरावर धरायचीस. डोळ्यांतून पाणी वाहतंय, खोकला थांबत नाही, तरी हात मागे घेत नाहीस. एकदा बाबा कचेरीतून लवकर आले.

"काय करायलीस?"

"हकीमांनी धूप द्यायला सांगितलंय ना."

बाबा हसत उंबऱ्यावरच बसले. "अगं, धूप म्हंजे ऊन. देवाचा धूप न्हाई."

"वैनीनं हाताचीच आरती लावली की," आत्या आतून म्हणाली. तूही हसलीस. मग हसता हसता थांबलीस आणि कुणाकडे न पाहता म्हणालीस, "म्हणजे इतके दिवस वायाच गेले."

ते दिवस तुला भरून काढायचे होते. हकीम थोडंसं ऊन म्हणाले होते. तू लेप लावून भर दुपारी गच्चीवर बसू लागलीस. लेप धुवायचा असतो हे तुला कळलं होतं, पण "हातासाठी कळशी रिकामी करू? मग पोरांनी काय प्यायचं?" असं म्हणून कोरड्या फडक्यानं हात पुसायचीस आणि तसेच चिकट हात घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायचीस. आधी हात लाल झाले, मग मनगटापर्यंत फोड आले. तुला घास उचलता येईना. आत्यानं केलेली भाकरी वरणात कुस्करून मी तुला भरवते आहे, आणि तू मध्येच फुंकर घालायला सांगतेस, भाकरीवर नाही, हातांवर. मी म्हणाले, "आई, सोड ते आता." तू म्हणालीस, "भाजल्याशिवाय भाकर होते का?"

आणि तुझं खरं ठरलं, हेच मला अजून पेलत नाही. जुनी कातडी निघाली आणि काही महिन्यांनी पंजाच्या पाठीवर, जिथं बारीक लव असते तिथं, तपकिरी ठिपके उठले. तीळ सांडल्यासारखे. रोज सकाळी तू मला ते दाखवायचीस. ठिपके वाढले, एकमेकांना मिळाले, हातांच्या पाठी सावळ्या झाल्या. बोटांची टोकं मात्र पांढरीच राहिली. पीठ बोटांनीच मळतात, आत्याची नजर तिथंच जायची. तू मरेपर्यंत त्या टोकांना लेप लावत राहिलीस. परात तुला परत मिळाली नाही.

परवा नांदेडच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, रंग बहुतेक केसांच्या मुळांतून परत येतो. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, तिथं तो सहसा येत नाही. बावचीत औषध आहे हे खरं, त्या बीनं कातडी उन्हाला हळवी होते. मग तिच्यावर रंग चढतो किंवा ती भाजते, आणि घरच्या लेपात यातलं काय होईल ते कुणाच्या हाती नसतं. त्यांनी साधं मलम दिलं, ठिपका पसरतो का ते पाहू म्हणाल्या, आणि घरी काही लावू नका असं दोनदा बजावलं.

तिथून निघाले आणि मी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन बावची घेतली. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मी म्हणाले, माझ्यासाठी. पुडी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे आहे. रोज सकाळी मी मुलीला खिडकीशी उभी करते आणि तिची हनुवटी वर उचलते. काल ती म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघतच नाहीस. डागाकडे बघतेस." मी हात खाली घेतला. आज सकाळी पुन्हा उचलला.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. पण एक मागते. नातीला एकदा डोळे भरून बघ आणि मला सांग, "राहू दे तिला तशीच, काही लावू नकोस." तू हे म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. तरी म्हण.