यादीतून काढलेलं नाव

बाई, तू जिवंत होतीस तोवर मी तुला अहोजाहो करत होते. आता तू गेलीस त्या वयाच्या मी कितीतरी पुढं आले, म्हणजे थोरली मीच. तेव्हा आज तू म्हणणार. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. तूच शिकवायला बसली होतीस आणि तूच चौथ्या दिवशी हातातली पाटी काढून घेत म्हणाली होतीस, "तुझं डोस्कं प्रार्थनेलाच बरं हाय." म्हणून हे माझी नात लिहिते आहे. शाळेत जाते, त्यामुळं माझ्या बोलण्याला मधूनमधून इस्त्री करते. करू दे. चुरगळलेलं काही तुझ्यापुढं आणलेलं तुला कधी खपलं नाही.

मला तुझ्याकडं आणलं तेव्हा निपाणीकडच्या तंबाखूचा वास अजून माझ्या केसांत होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ओठाखाली एक पांढरा डाग उठला, मग कोपरांवर दोन. सासूनं महारोग म्हणून डांगोरा पिटला आणि माझ्या हातचं पाणी तुळशीलासुद्धा चालेना झालं. बापानं गाडीत घालून बेळगावला, कॅम्पाकडच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नव्हे, नुसतं कोड आहे, कुणाला लागत नाही. पण यावर औषधही नाही. बापानं शेवटचं तेवढं ऐकलं. मला व्हरांड्यात बसवून बैलांना पाणी दाखवून येतो म्हणाला. ते बैल अजून पाणी पितायत.

मग तू मागच्या स्वयंपाकघरातून आलीस. मिशनची बायबलबाई, घरोघर फिरून शास्त्र सांगणारी, हाताला पीठ लागलेलं. तो पिठाचा हात तू तसाच माझ्या कपाळावर ठेवलास. डाग उठल्यापासून मला कुणी शिवलं नव्हतं. "रडू नगं," म्हणालीस. "तुला त्यानं आपल्या हातानं घडवलीया. त्याच्या हातनं चुकत न्हाय." माझा विश्वास बसला बघ. तुझ्यावर आधी बसला, प्रभूवर मागाहून. रोज संध्याकाळी चुलीपुढं तू भाकरी तव्यावर टाकतेस, डोळे मिटतेस, माझ्या कपाळावर हात ठेवून माझ्यासाठी मागत राहतेस आणि भाकरी करपते. करपलेली भाकरी उपकार मानून खायची. तुझी प्रार्थना लांब आणि भाकरी काळी, असं मी शेजारणीला सांगायची, तेव्हा तूही पदराआड हसायचीस.

बुधवारी बायकांची प्रार्थना असे. कागदावर नावं लिहिलेली, कुणाला काय हवं ते. तू एकेक नाव वाचायचीस आणि सगळ्या मिळून आमेन म्हणायच्या. पहिली दम्याची बाई, दुसरी मूलबाळ नसलेली, तिसरी मी. ज्याचं मागणं पुरं झालं त्यानं रविवारी मिशनच्या देवळात उभं राहून, प्रभूनं केलं अशी साक्ष द्यायची, आणि मग त्याचं नाव यादीतून निघायचं. ही तुमची रीत. सासरी माझं नाव कुणी घेत नव्हतं, 'ती' म्हणत. इथं आठवड्यातून एकदा वीस बायका माझ्या नावावर आमेन म्हणत होत्या. खरं सांगू, डाग तसेच राहिले असते तरी त्या एका आमेनवर मी आठवडा काढला असता. जन्मही काढला असता.

मग ओठाखालचा डाग पुसट झाला. तू मला उन्हात नेलंस, हनुवटी धरून इकडं तिकडं फिरवलीस आणि मिशनच्या मडमसाहेबांकडं पळालीस. पळताना तुझी एक चप्पल अंगणातच राहिली. कोपरांवरचे डाग त्याच दिवसांत मनगटापर्यंत उतरले होते, ते तुला दिसले नाहीत असं कसं म्हणू? रोज तुझ्यासमोर मी पीठ मळत होते. चार दिवसांनी तू मला पोलकं शिवून आणलंस. निळं, पांढऱ्या फुलांचं, मनगटापर्यंत बाह्या. लग्नानंतर अंगाला लागलेलं ते पहिलं नवं कापड. मी नाचलेच. दुपारी मात्र वैशाखाचं ऊन चढलं तसा जीव गुदमरला. बाह्या जरा आखूड करू का विचारलं, तर तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर डोळे काढलेस. उपकार मानायला शीक म्हणालीस.

त्या रविवारी समुद्रापलीकडचे पाहुणे आले होते. मी उभी राहिले. तू पढवलेलं बोलले, प्रभूनं मला शुद्ध केलं. मला वाटलं, एवढ्या लोकांत बोलल्यावर होईलच. आपण आधी बोलायचं, तो मागून करील. पाहुण्या बाईनं येऊन माझे दोन्ही हात धरले आणि प्रेमानं हलवले. बाही चार बोटं वर सरकली. तू मागून आलीस आणि ती खाली ओढलीस. बाई, इतक्या चपळाईनं तू तव्यावरची भाकरी कधी उलटली नव्हतीस. त्या झटक्यात मला कळलं, की तुला माहीत होतं.

बुधवार आला. दम्याची बाई, आमेन. मूलबाळ नसलेली, आमेन. आणि तू एकदम चौथीवर गेलीस. मी मान खाली घालून बसले, वाटलं चुकून राहिलं असेल, शेवटी घेशील. संध्याकाळी चुलीपुढं मीच कपाळ पुढं केलं. तू म्हणालीस, "आता आभार मान. मागू नगं. मागितलंस तर साक्ष खोटी पडंल." हात पिठातच राहिला. त्या दिवसापासून तुझी भाकरी कधी करपली नाही.

मी राहिले तिथंच, जाणार कुठं? दवाखान्यातल्या पट्ट्या धुतल्या. दवाखान्याच्या गाडीवानाशी लग्न केलं. त्यानं माझे हात पहिल्यांदा बघितले तेव्हा विचारलं, "चुन्याच्या घाण्यात हात घातलावतास व्हय गं?" आणि मी पोट धरून हसले. इतक्या वर्षांत माझे डाग बघून उघड बोलला, तो एक तोच. देवळात जाताना मात्र लांब बाह्याच. साक्ष सांभाळायची होती ना, तुझी.

मग तुझी छाती कफानं भरली, अंथरूण धरलंस. भर दुपार, तेच स्वयंपाकघर, चूल गार. तू म्हणालीस, कपाळावर हात ठेव आणि माझ्यासाठी माग. मी बाही कोपरापर्यंत वर केली, मुद्दाम. हात तोवर पुरता पांढरा झाला होता. तुझ्या डोळ्यांपुढं धरला आणि मग कपाळावर ठेवला. एक शब्द ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. चुकलं म्हण असंही नव्हतं, नुसतं अजून मनात दुखतं का विचारलं असतंस तरी चाललं असतं. तू डोळे उघडून हाताकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बाही खाली वड गं, कुणीतरी येतंय."

कुणी येत नव्हतं. आणि मी ओढली.

तू गेल्यावर डाग मानेवर आले, तोंडावर आले. सगळ्या बायकांनी बघितले. नाव परत घाला, असं एकीनं म्हटलं नाही. आता तर डागच उरला नाही, सगळी एकरंगी झाले. साहेबलोक देश सोडून जायला बोचकी बांधायला लागलेत म्हणे, आणि मी आत्ता कुठं गोरी झाले. प्रभूवर माझा राग नाही, त्याचं नि माझं बोलणं चालू असतं. राग आहे तो मधल्या माणसांवर. नवऱ्यानं टाकलेली, अंगावर काही उठलेली एखादी पोर आली, की मी कपाळावर हात ठेवते आणि तिचं नाव घेते. बरी झाली तरी घेते, नाही झाली तरी घेते. मला लिहिता येत नाही, त्यामुळं खोडताही येत नाही.

नात विचारते, पत्ता काय घालू. मी म्हटलं, पत्ता नको. निळं पोलकं अजून पेटीत आहे, त्याच्या बाहीत सारून ठेव. झाकायचं ते तिथंच झाकत आलो आपण. पण त्याआधी एवढं लिही.

त्या दुपारी मी तुझ्यासाठी काही मागितलं नाही, बाई. तुझ्या कपाळावर हात ठेवून मी ओठांतल्या ओठांत माझंच नाव घेतलं, माझंच मागितलं. दुसरं कोण मागणार होतं? माझं पुटपुटणं थांबलं, तशी तू डोळे न उघडताच आमेन म्हणालीस.