विमलबाईची पकड

शिरूर कासार,
मंगळवार

राजमान्य व्याही शिवशंकरराव यांस आश्रुबाचा आदरानं रामराम. विहीणबाईंचे गुडघे आणि तुमची साखर, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडं तुमची संगीता खुशाल, नात आरोही त्याहून खुशाल. (फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. पत्राला तोडता येत नाही.)

विशेष असं की, आपल्या गावाला क्रीडा संकुल मिळायचा योग आलाय. जागा आणि खेळाडू दोन्ही दिसले तर आपल्याला, नाहीतर शेजारच्या तालुक्याला. संकुल आलं की बाहेरचे संघ मुक्कामाला येतात, मग लॉज, खानावळ, एसटीच्या जादा गाड्या. गावाचं शहर असंच होतं. (हे पेपरात वाचलं. ट्रकच्या पाठीवरची अक्षरं लावत शिकलेला माणूस पेपर वाचतो तेव्हा चार जणांना सांगितल्याशिवाय राहत नाही.) पण माझा जीव अडकलाय आरोहीत. पोरगी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळते, मागनं ट्रक, आणि मध्ये सायकलवर मी, हात हलवत. परवा एका ट्रकनं मला रस्त्याकडेच्या चारीत घातलं. उद्या तिची पाळी यायला नको.

तर तपासणीचे साहेब आले ते नेमके ऐन ऊसतोडीच्या हंगामात. कबड्डीचे सातही गडी कोयते घेऊन कारखान्यावर गेलेले. मैदान आखून तयार (चुन्याची फक्की मी स्वतः मारली, चौकोन जरा भाकरीच्या वळणावर गेला), पण खेळायला माणूस नाही. शेवटी सौ. विमलबाई पदर खोचून उतरली, तिच्यामागं शेजारची साखराबाई आणि गल्लीतल्या पाच म्हाताऱ्या.

साहेबांना हसू आलं. "आजी, खेळाडू कुठं आहेत?"

"उसाला गेल्यात. तुमी हंगाम बघून का येत न्हाई?"

साहेब तरुण, कॉलेजात खेळलेले. बूट काढून म्हणाले, एक चढाई मीच करतो. आता तुमच्या या विहिणीनं बावीस हंगाम उसाच्या मोळ्या बांधल्यात, हे त्यांना कोण सांगणार? तिनं घोटा धरला तो मोळी आवळावी तसा. साहेब "कबड्डी कबड्डी"वरनं "आजी आजी"वर आले.

"दम गेला म्हन लेकरा, मंग सोडते!"

लंगडत जीपकडं निघाले तेव्हा वाटलं, संकुल गेलं. पण त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: खेळाडू दणकट. जागा उत्तम. मालकाची संमती जोडावी.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा, साखर टाळा.

आपला,
आश्रुबा

ता.क. : जागा म्हणजे रस्त्याकडेची तुमची ती पाच एकर, जिची राखण तुम्ही विश्वासानं माझ्याकडं दिलीत. मालक कोण विचारल्यावर माझ्या तोंडून "घरचीच हाय" असं निघून गेलं. तिथं तुम्हाला मंगल कार्यालय बांधायचंय, ठाऊक आहे. तीन एकर मैदानाला द्या, दोनात कार्यालय बांधा. विटा तूर्त पाठवू नका. (कुंपणाचे खांब पोचले. दोन खांबांना व्हॉलीबॉलची जाळी छान बसली.)

आणखी ता.क. : सहीसाठी मीच येणार होतो, पण त्या चारीपासून कंबर धरलीय. म्हणून शुक्रवारी कागद घेऊन विमलबाई येतेय. एरवी ती व्याह्यांच्या पाया पडत नाही. या खेपेला वाकली, तर आधी सही करा.